डक्टची जागा कुठे?

डक्ट म्हणजे थंड हवेची वाट, एवढं आपण वर्गात शिकतो. ही वाट घरात कुठून न्यायची, ते मात्र मला आजीमुळे कळलं.

आमचं गाव औंध, खटाव तालुक्यातलं. यमाईचा डोंगर आणि 1938 सालचं भवानी संग्रहालय सर्वांना ठाऊक आहे. इथलं ऊन आम्हाला! काकांचा दक्षिणेत गलाईचा धंदा. त्यांनी गावी पत्र्याच्या छपराचा बंगला बांधला आणि 2 टनांचा डक्टवाला एसी बसवला. शेवटची शांत खोली आजीची. एप्रिलमध्ये गेलो तर आजी दुपारची जुन्या माळवदाच्या घरात झोपलेली! म्हणाली, "तुमच्या मशीनपरीस आमची मातीच बरी."

थर्मामीटर घेऊन माळ्यावर चढलो. पत्र्याखाली 50 अंश, आणि त्यातूनच 10 मीटर डक्ट गेलेला. आत हवा 14 अंशांची. म्हणजे फरक 36 अंशांचा.

आता गणित करू. डक्ट 30 बाय 30 सेंमी, म्हणून पृष्ठभाग 12 चौ.मी. 25 मिमी ग्लासवूल धरून यू-व्हॅल्यू साधारण 1.3. गुणाकार केला की सुमारे 560 वॅट उष्णता आत शिरते. जोडांतून 10 टक्के हवा गळते असं धरलं, तर आणखी सुमारे 550 वॅट गेले. 2 टन म्हणजे 7 किलोवॅट. त्यातला जवळजवळ सहावा हिस्सा माळ्यावरच संपला! शिवाय गळालेल्या हवेच्या जागी फटींतून बाहेरची गरम हवा घरात येते, ती वेगळीच. सगळ्यात जास्त झळ शेवटच्या खोलीला.

तोच डक्ट पॅसेजच्या छताला, फॉल्स सीलिंगच्या आत घेतला आणि इन्सुलेशन त्याच्याही वर, पत्र्याखाली टाकलं तर? भोवती 26 अंश, फरक फक्त 12 चा. शिरणारी उष्णता 190 वॅटच्या आत, आणि गळालेली गार हवाही घरातच राहते. तरी जोड सीलंटने बंद करायचेच, नाहीतर आजीच्या वाट्याची हवा पॅसेजमध्येच संपेल. डक्टवरचं ग्लासवूलही काढायचं नाही, पावसाळ्यात डक्टला घाम सुटतो. उंची कमी पडली तर 20 बाय 45 चा चपटा डक्ट घ्या, क्षेत्रफळ तेवढंच.

काकांना हे दाखवलं. ते म्हणाले, "नकाशात पॅसेज साडेआठ फुटी. आता डक्ट घातला तर डोकं आपटंल. हे पाया खणायच्या आधी कुणी सांगायचं?"

मित्रांनो, उद्या नकाशे आपण काढणार आहोत. जिना आणि संडास दाखवतो, तशी डक्टचीही जागा पहिल्याच कागदावर दाखवा. आजी अजून दुपारी माळवदाखालीच झोपते.