मुलांच्या हातातला मोबाइल

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुका आहे. त्या तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे तीन हजार. बहुतेक लोक शेतकरी.

२०२० साली करोनाची साथ आली. शाळा बंद झाल्या. धडे मोबाइलवर येऊ लागले. मोबाइल नव्हता त्या घरांनी पोटाला चिमटा घेऊन तो घेतला. पुढे साथ ओसरली, शाळा उघडल्या. पण मोबाइल मुलांच्या हातातच राहिला. वडगावच्या शिक्षकांना दिसू लागले, की मुलांना लिहिण्यावाचण्याचा कंटाळा आला आहे. शाळेआधी मोबाइल, शाळेनंतर मोबाइल. वहीला हात लागेना.

शिक्षकांनी हे गाऱ्हाणे गावापुढे मांडले. १४ ऑगस्ट २०२२ रोजी बायकांची सभा भरली. बायका मोकळेपणाने म्हणाल्या, ‘आम्ही तरी काय करतो? मालिकाच बघत बसतो.’ मग गावाने ठरवले. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा. तो वाजला, की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. मधला दीड तास अभ्यासाचा, वाचनाचा आणि एकमेकांशी बोलण्याचा. पुरुष मंडळी आधी हसली. पण अंगणवाडी सेविका, आशाताई आणि निवृत्त शिक्षक घरोघर गेले, समजावून सांगत राहिले. हळूहळू गाव तयार झाले.

मला यातली एक गोष्ट फार पटली. मोबाइल नुसता पोरांचा बंद झाला नाही. आईचा झाला, बापाचा झाला, आजोबांचाही झाला. बाप ओसरीवर व्हिडिओ पाहून हसणार आणि आत पोराला दरडावणार, ‘अभ्यास कर!’ असे पोर कशाला ऐकेल?

तुम्ही म्हणाल, ‘मग गुरुजी, मोबाइल वाईटच की!’ थांबा. दुसरे एक शिक्षक आहेत, रणजितसिंह डिसले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत ते शिकवत असत. त्यांनी पुस्तकाच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे चौकोन छापले. त्याला क्यूआर कोड म्हणतात. दुकानात पैसे देताना तुम्ही पाहता ना, तसाच. त्यावर मोबाइल धरला, की कविता ऐकू येते, धडा पाहायला मिळतो. मूल घरीही शिकू शकते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० साली डिसले गुरुजींना जगातला मोठा शिक्षक पुरस्कार मिळाला.

एका गावात शिक्षकांच्या सांगण्यावरून मोबाइल बंद झाला, दुसऱ्या गावात शिक्षकाने तोच पुस्तकाला जोडला. दोघांचेही बरोबर आहे. पोराने मोबाइल घेतला यापेक्षा त्यावर तो काय करतो, किती वेळ करतो आणि त्या वेळी जवळ कोण असते, हे पाहायचे.

पण खरी अडचण इथेच आहे. पुष्कळ आईबाप विचारतात, ‘आम्हाला धड वाचता येत नाही. पोरगा शिकतोय की खेळतोय, हे कळावे कसे?’ प्रश्न रास्त आहे. उपाय साधा आहे. पोराला शेजारी बसवा. विचारा, ‘काय पाहिलेस? मला समजावून सांग.’ शिकला असेल, तर तो हात हलवून हलवून सांगेल. नुसता खेळला असेल, तर चाचरेल. क्यूआर कोडची कविता लागली, तर तुम्हीही पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून ऐका. तुमचीही अक्षरे पक्की होतील! आणि पैसे देण्याचा पिन मात्र पोराला सांगू नका, बरं का.

अगदी लहान बाळांची गोष्ट निराळी. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला मोबाइल-टीव्ही दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एक तासाहून जास्त नको. कमी तितके बरे. बाळ जेवत नाही म्हणून आपण मोबाइल पुढे धरतो. त्यापेक्षा अंगणातली चिमणी दाखवा. घास दोन मिनिटे उशिरा जाईल, एवढेच.

लिहा : तुमच्या घरात संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळात कोण काय करते? चार ओळी लिहा.