वाणी की गोम?

मुलांनो, पावसाळ्यात अंगणात पुष्कळ पायांचा प्राणी दिसताच ‘गोम! गोम!’ म्हणून त्यास ठेचू नका. आधी दुरून त्याचे पाय निरखा. प्रत्येक वळ्यास पायांची एकच जोडी असल्यास ती विषारी गोम होय. बहुतेक वळ्यांस दोन-दोन जोड्या असून तो पैशासारखे वेटोळे करीत असेल, तर तो वाणी. हा चावत नाही; कुजका पाला खाऊन मातीचा कस वाढवितो. मात्र त्याच्या अंगातील द्रवाने त्वचेची आग होते. म्हणून त्यास हात लावू नये.

वाण्याच्या जाती केवळ रंगावरून ओळखता येत नाहीत. कारण निरनिराळ्या जातींचे रंगही सारखे असू शकतात. म्हणून शास्त्रज्ञ बहुधा प्रौढ नराच्या सातव्या वळ्यावरील रूपांतरित पाय भिंगातून तपासतात. रंग फसवितो, रचना ओळख पटविते.