द्राक्षांचा सौदा आणि न वटलेला चेक

द्राक्षांची काढणी सुरू झाली की नाशिक व सांगली जिल्ह्यांत बाहेरगावचे व्यापारी बागेतच येऊन सौदा करतात. भाव ठरतो, थोडा विसार हाती पडतो, माल गाडीत भरला जातो आणि उरलेल्या रकमेपोटी पुढील तारखेचा चेक बागायतदारास मिळतो. द्राक्ष हा नाशवंत माल. एकदा गेलेली गाडी परत आणता येत नाही. छाटणीपासून काढणीपर्यंतचा वर्षाचा सारा खर्च त्या एका कागदावर येऊन ठेपतो. तो कागद बँकेतून परत आला, तर पुढे काय करावे हे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी बागायतदारांना हंगामापूर्वीच समजावून सांगावे.

परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ यातील कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून अमलात आले. कायदेशीर देणे फेडण्यासाठी दिलेला चेक खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यामुळे परत आला, तर चेक देणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र या कलमाचा लाभ मुदती पाळणाऱ्यासच मिळतो. आपले बागायतदार नेमके येथेच मागे राहतात.

चेकवरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत भरला पाहिजे. समजा, १० मार्चचा चेक न वटल्याचा बँकेचा मेमो २० मार्चला हाती आला. त्या दिवसापासून तीस दिवसांत, म्हणजे १९ एप्रिलपर्यंत, चेकच्या रकमेची मागणी करणारी लेखी नोटीस धाडली पाहिजे. ती ८ एप्रिलला व्यापाऱ्यास पोचली, तर पैसे देण्यास त्याला २३ एप्रिलपर्यंत पंधरा दिवस मिळतात. तोवर पैसे न आल्यास २४ एप्रिलला तक्रारीचे कारण उत्पन्न होते व तेथून एका महिन्यात फिर्याद दाखल करावी लागते. फिर्याद पोलीस ठाण्यात नव्हे, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे करावयाची असते. बागायतदाराने ज्या शाखेतील आपल्या खात्यात चेक भरला, तेथील न्यायालयात ती चालते. २०१५ च्या दुरुस्तीने ही सोय झाली असल्याने व्यापाऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

मेमो आल्यावर व्यापारी बहुधा दूरध्वनीवरून म्हणतो, “आठ दिवस थांबा, पुन्हा टाका.” तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेतो चेक पुन्हा भरता येतो, व तो पुन्हा परत आल्यास नव्या मेमोपासून नोटिशीचे तीस दिवस मोजता येतात. परंतु चेक पेटीत ठेवून नुसते थांबणे घातक होय. दोन्ही मुदती टळल्या की कलम १३८ चा मार्ग सामान्यतः बंद होतो व दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता तेवढा उरतो.

चेक पेढीच्या नावाचा असेल तर नोटीस पेढीस व सही करणाऱ्या भागीदारास, अशा दोघांनाही पाठवावी. टपालाची पावती व पोच जपावी. चेक घेतल्यावर व्यापाऱ्याने काही रक्कम रोख दिली, तर तिची नोंद चेकच्या पाठीवर करून घ्यावी. त्याहून उत्तम म्हणजे बाकीच्या रकमेचा नवा चेक घ्यावा. रक्कम अंशतः फिटली असता जुना चेक पूर्ण रकमेसाठी भरला, तर कलम १३८ खालील फिर्याद टिकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निर्णय आहे.

चेक देणे फेडण्यासाठीच दिला होता असे न्यायालय प्रथम गृहीत धरते. तसे नव्हते हे दाखविण्याचा भार व्यापाऱ्यावर असतो. तरीही वजनपावत्या, गाडीचा क्रमांक व भावाची चिठ्ठी जवळ असावी, कारण “माल खराब निघाला” हा बचाव हटकून येतो. आरोपीने गुन्हा नाकारल्यावर चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देवविण्याचा अधिकार २०१८ पासून न्यायालयास आहे.

हेच कलम बागायतदारावरही चालते. खते-औषधांच्या उधारीसाठी दुकानदाराकडे सही केलेला कोरा चेक ठेवण्याची रीत गावोगाव दिसते. असा चेक स्वखुशीने दिला असेल तर रकमेचा आकडा दुसऱ्याने लिहिला एवढ्यावरून सुटका होत नाही. चेक ठेवावाच लागला तर त्यावर रक्कम घालावी, चेकचा क्रमांक उधारीच्या वहीत दोघांच्या सहीने लिहावा, आणि बाकी चुकती केली त्याच दिवशी तो परत मागून घ्यावा.