दुकानातला टॅब्लेट : माल जिथे, नोंद तिथे

कापडाच्या धंद्यात भांडवलाइतकीच किंमत नोंदीला आहे. सूत उधार येते, ग्रे कापड उधार जाते, प्रोसेसवाल्याची मजुरी मागाहून दिली जाते आणि दलाली त्याहून मागाहून. माल डोळ्यांसमोरून निघून जातो, हातात उरतो तो फक्त कागद. तो कागद अपुरा असला तर खरा माणूसही खोटा ठरतो. या दृष्टीने अँड्रॉइड टॅब्लेटचा विचार व्हावा, म्हणून हा लेख. चैनीची वस्तू म्हणून नव्हे, तर गज आणि तराजूसारखे पेढीवरचे एक अवजार म्हणून त्याकडे पाहावे.

अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ साली बाजारात आला आणि २०१० साली सॅमसंग कंपनीने सात इंची पडद्याचा टॅब्लेट आणला. पुष्कळ घरांत आजही हे यंत्र मुलांच्या हाती खेळ आणि सिनेमे पाहण्यासाठीच असते. व्यापारी मात्र विचारतो, "फोन आहे, संगणकही आहे. मग तिसरे यंत्र कशाला?"

प्रश्न रास्त आहे. फोनचा पडदा लहान असतो. लॉट नंबर, तागे, मीटर, भाव आणि मुदत असे रकाने त्यावर एकदम दिसत नाहीत, शिवाय मध्येच फोन वाजतो. संगणक टेबलाला बांधलेला असतो आणि माल तर गोदामात. म्हणून गोदामात चिठ्ठीवर लिहायचे आणि संध्याकाळी ते संगणकावर चढवायचे, अशी पद्धत पडते. चिठ्ठी हरवते किंवा सातचा एक होतो. टॅब्लेट हिशोब करून देत नाही, पण वही मालापाशी घेऊन जातो. माल जिथे मोजला जातो तिथेच नोंद व्हावी, एवढाच त्याचा खरा फायदा आहे.

१. निवड कशी करावी

पडदा दहा-अकरा इंची असावा. त्याहून लहान घेतला तर तो फोनच झाला. सिमकार्डाची सोय असलेला घ्यावा की केवळ वायफायचा, हे आधीच ठरवावे. यूपीआयची नोंदणी करताना बँकेत नोंदलेल्या नंबरचे सिम त्याच यंत्रात असावे लागते. म्हणून केवळ वायफायच्या टॅब्लेटवर पैसे देण्याघेण्याचे काम होईल, अशी अपेक्षा धरू नये. कंपनी सुरक्षेचे अपडेट किती वर्षे देणार, हेही दुकानदाराला विचारावे. भाव कमी पण अपडेट बंद, असा माल घेणे म्हणजे कुलूप नसलेली तिजोरी घेणे होय.

२. कामाची वाटणी

एकाच यंत्रावर सर्व कामे लादू नयेत. पक्की खातेवही, कर विवरणपत्रे आणि मोठे हिशोब संगणकावरच राहू द्यावेत. बँक आणि यूपीआय मालकाच्या फोनवर असावे. टॅब्लेटकडे चार कामे द्यावीत : मालाची आवक-जावक, चलन व बिल्टीचे फोटो, नमुन्यांचा अल्बम आणि उधारीची यादी.

व्हॉट्सअॅप मुख्य फोनशिवाय आणखी चार यंत्रांवर जोडता येते, म्हणून तेच खाते टॅब्लेटवर चालू शकते. मात्र मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही, तर जोडणी तुटते. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७ पासून पडद्याचे दोन भाग करता येतात. एका बाजूला पार्टीने पाठवलेले चलन आणि दुसऱ्या बाजूला आपली नोंदवही उघडी ठेवून आकडे ताडून पाहावेत.

३. नोंद कशी ठेवावी

गुगल शीट्ससारखा साधा तक्ता पुरेसा आहे. गोदामात इंटरनेट नसते, म्हणून त्या तक्त्यावर ऑफलाइनची सोय आधीच चालू करून ठेवावी.

एक उदाहरण घेऊ. समजा, २,००० मीटर ग्रे कापड प्रोसेसला पाठवले. आकसण्याची ठरलेली घट पाच टक्के, म्हणजे १०० मीटर. तेव्हा परत यायला हवे १,९०० मीटर. प्रत्यक्ष मोजणीत आले १,८७२. म्हणजे ठरलेल्या घटीपेक्षा २८ मीटर कमी. मीटरला ४० रुपये धरले तर १,१२० रुपये झाले. एका लॉटमध्ये ही रक्कम किरकोळ वाटते. महिन्याला असे दहा लॉट झाले, तर ११,२०० रुपये होतात.

ही तूट त्याच दिवशी, त्याच लॉटसमोर लिहिली गेली आणि तागावार मापाचा फोटो जोडला, तर बोलणे पाच मिनिटांत संपते. महिन्याने आठवणीवर बोलायला बसलात, तर तूट मिळत नाही आणि संबंधही बिघडतात.

यात कायद्याचाही भाग आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला आणि १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे समजले जाते. करारात मुदत लांब लिहिली, तरी स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. लेखी करारच नसेल, तर मुदत १५ दिवसांची. तेव्हा तक्त्यात 'माल आला ती तारीख', 'हरकत पाठवली ती तारीख' आणि 'पैशांची शेवटची तारीख' असे तीन रकाने अवश्य ठेवावेत. जो बांधव स्वतः कारखानदार आहे, त्याला हेच रकाने वसुलीसाठी उपयोगी पडतील.

४. उर्दू, मराठी की इंग्रजी?

आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्या पिढीला यंत्राची भीती नाही, इंग्रजीची आहे. ती अडचण आता उरलेली नाही. गुगलच्या कीबोर्डवर उर्दू व मराठी दोन्ही भाषा मिळतात आणि बोलूनही लिहिता येते. गोदामातला माणूस ज्या भाषेत पटकन लिहितो, त्याच भाषेत त्याला लिहू द्यावे.

फक्त दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, उर्दू उजवीकडून डावीकडे चालते आणि आकडे डावीकडून उजवीकडे. उर्दू ओळीत मध्येच '१२-४५' असा लॉट नंबर लिहिला, तर त्याचे दोन भाग उलट क्रमाने दिसू शकतात. म्हणून नंबरासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा, तो मजकुरात मिसळू नये. दुसरी, एकाच पार्टीचे नाव एकदा उर्दूत, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत लिहिले, तर यंत्राच्या लेखी त्या तीन पार्ट्या होतात आणि बाकी तीन ठिकाणी विखुरते. प्रत्येक पार्टीला एक क्रमांक द्यावा व सर्वत्र तोच लिहावा.

५. हिशोब ही अमानत आहे

ग्राहकाकडे किती बाकी आहे, ही त्याची अब्रू आहे. ती गल्ल्यावर उघडी पडता कामा नये. टॅब्लेटला पिन घालावी. नमुने दाखवण्यासाठी तो ग्राहकाच्या हाती देताना 'अॅप पिन' ही सोय वापरावी. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून ती उपलब्ध आहे. तिच्यामुळे समोरच्याला फक्त अल्बम दिसतो. पिन विचारल्याशिवाय बाहेर पडता येऊ नये, अशी निवडही तिथेच करावी.

गुगल खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. खाते मालकाच्या नावाचे असावे, नोकराच्या नव्हे. नोकर बदलतो, हिशोब राहिला पाहिजे. यंत्र हरवले तर गुगलच्या 'फाइंड हब' या सोयीने ते शोधता किंवा दूरवरून पुसता येते. मात्र ती सोय आधी चालू असावी लागते.

गुगलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि तीत ईमेल व फोटोही मोजले जातात. जीएसटी कायद्यानुसार हिशोबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणून दर महिन्याला त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर वा संगणकावर काढावी आणि लॉटवार नाव देऊन ठेवावी. नुसत्या फोटोंच्या ढिगाऱ्यात हवे ते चलन सापडत नाही.

६. सुरुवात कशी करावी

पहिला महिना वही आणि टॅब्लेट दोन्ही चालवावेत व दर शनिवारी दोहोंची बाकी मिळवून पाहावी. चार आठवडे आकडा जुळला, म्हणजे वहीतली रोजची नोंद थांबवावी. रात्री यंत्र चार्जिंगला लावण्याची जबाबदारी एकाच माणसावर सोपवावी. सर्वांचे काम म्हटले की ते कोणाचेच राहत नाही. यंत्र घरी नेऊन मुलांच्या हाती देऊ नये. पेढीची चोपडी आपण मुलांना चित्रे काढायला देत नाही.

आपल्या अनेक पेढ्यांत मुनीमजी किंवा वडीलधारी व्यक्ती हीच चालती-बोलती खातेवही असते. कोणाची मुदत किती, कोणाचा वटाव किती, कोणाचा माल परत यायचा आहे, हे सारे तिच्या डोक्यात असते. ती व्यक्ती आजारी पडली किंवा जगातून गेली, की मुलांना घेणेकऱ्यांची नावे लगेच कळतात, कारण ते स्वतः दारात येतात. देणेकरी मात्र येत नाहीत. हा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ शकतो. पंचवीस हजारांचे यंत्र घेतलेच पाहिजे असे नाही, पण आज आलेल्या मालाची नोंद आजच, मालापाशी आणि दुसऱ्याला वाचता येईल अशी झालीच पाहिजे. टॅब्लेटने ते काम सोपे होत असेल, तर तो गादीवर जरूर ठेवावा.