दूरचित्रवाणीचा दर्जा आणि संस्कृतीचा ऱ्हास
(द्वितीय वर्ष, कला)

दूरचित्रवाणीविषयी चार सुशिक्षित माणसे बोलू लागली की बोलण्याचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो : ‘पूर्वीचे ते दूरदर्शन आता राहिले नाही.’ त्याला लागून दुसरे वाक्य येते : ‘समाजच घसरला, मग मालिका तरी चांगल्या कशा निघणार?’ वर्गात, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, परिसंवादात ही दोन वाक्ये जोडीनेच फिरतात. पहिले वाक्य बऱ्याच अंशी खरे आहे, असे मलाही वाटते. दुसरे मात्र पहिल्यातून आपोआप निघत नाही. या दोन वाक्यांमधील दुवा कितपत पक्का आहे, हे तपासून पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संस्कृती हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. उत्तम ग्रंथ, नाटक, संगीत, चित्रकला हा एक अर्थ. आणि माणसांची जगण्याची, बोलण्याची, सण साजरे करण्याची रीत हा दुसरा. इंग्लंडमधील समीक्षक रेमंड विल्यम्स यांनी १९५८ साली ‘कल्चर इज ऑर्डिनरी’ या निबंधात हे दोन्ही अर्थ एकत्रच धरले पाहिजेत, असे प्रतिपादन केले. विल्यम्स हे वेल्समधील एका रेल्वे सिग्नलमनचे पुत्र. तेथून ते केंब्रिजला शिकायला गेले. महाविद्यालयात पाऊल ठेवणारी मीही माझ्या घरातील पहिलीच. त्यामुळे त्यांचे म्हणणे मला जवळचे वाटते. १९७४ साली त्यांनी दूरचित्रवाणीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. यंत्र स्वतःहून समाजाला घडवीत वा बिघडवीत नाही. ते कोणत्या हेतूने आणि कोणाच्या हितासाठी वापरले जाते हे पाहावे, असा त्यांचा आग्रह आहे. हाच धागा धरून पुढे जाऊ.

दर्जा खरोखर घसरला काय?

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. प्रक्षेपण प्रामुख्याने संध्याकाळचे आणि मोजक्या तासांचे. परंतु त्या थोड्या वेळात ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मधून साहित्यिक-कलावंत घराघरांत भेटत, ‘गजरा’मधून नाटुकली सादर होत, ‘ज्ञानदीप’ आणि ‘आमची माती आमची माणसं’ हे कार्यक्रम काही शिकवून जात. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने याच केंद्रावर अवतरला. या कार्यक्रमांचे जे जुने भाग आज पाहायला मिळतात त्यांत नेपथ्य साधे आहे, क्वचित भिंत हलतानाही दिसते. पण संवाद लिहिणाऱ्याने विचार करून लिहिले आहेत आणि बोलणाऱ्याने समजून म्हटले आहेत.

आजच्या दैनंदिन मालिकेत काय आढळते? एका थपडेचे चित्र तीन कोनांतून तीन वेळा दाखविले जाते. दाराआड उभे राहून ऐकणारी जाऊ, दुधात मिसळलेली पूड, हरवलेले आणि सापडलेले मंगळसूत्र यांवर महिने निघतात. दर्जा घसरला, हे मान्य करण्यास हरकत नाही. प्रश्न आहे तो का घसरला, याचा.

घसरणीचे अर्थकारण

थोडा हिशेब मांडून पाहू. पूर्वी आठवड्याला एक भाग अशी तेरा भागांची मालिका असे. म्हणजे तीन महिन्यांत १३ भाग. आज आठवड्याला सहा भाग धरले तर त्याच तीन महिन्यांत ७८ आणि वर्षाला ३१२ भाग होतात. जाहिराती वजा जाता एक भाग बावीस मिनिटांचा धरला तरी वर्षाला सुमारे ११४ तासांचे कथानक लागते. अडीच तासांचा एक चित्रपट मानला तर हे पंचेचाळीस चित्रपटांचे काम झाले! कोणत्या लेखकाची प्रतिभा एका वर्षात एवढे पीक देईल? ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ पासून अकरा वर्षांवर काळ चालली आणि तिचे भाग तीन हजारांच्या पुढे गेले. अशा ठिकाणी कथा पुढे नेणे परवडत नाही. ती थोपवून धरणे हेच कौशल्य ठरते.

हा बदल एका रात्रीत घडला नाही. १९७६ साली दूरदर्शनवर जाहिराती आल्या. १९८४ साली ‘हम लोग’ सुरू झाली. कुटुंबनियोजनाचा विचार कथेतून पोचवावा, हा तिचा मूळ हेतू. मेक्सिकोतील मालिकांचा तो आदर्श होता. परंतु दीडशेहून अधिक भाग चाललेल्या या मालिकेने जाहिरातदारांनाही आपली ताकद दाखवून दिली. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, १९९९ साली ‘अल्फा मराठी’ आणि २००० साली ‘ई टीव्ही मराठी’ सुरू झाली. प्रेक्षकसंख्येचा अंदाज देणारे टीआरपीचे आकडे हाच मग यशाचा मापदंड ठरला. हे आकडे काही निवडक घरांतील संचांना जोडलेल्या मोजणीयंत्रांवरून काढतात. वाहिनीचा खरा ग्राहक जाहिरातदार असतो. आपले डोळे हा तिचा माल.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ही मोजणी पूर्वी मुख्यतः शहरी घरांत होत असे. २०१५ साली ‘बार्क’ या संस्थेने तिच्यात ग्रामीण घरेही घेतली. त्यानंतर २०१६ साली कोल्हापूरकडची ‘तुझ्यात जीव रंगला’ व मालवणी वळणाची ‘रात्रीस खेळ चाले’ आणि २०१७ साली साताऱ्याकडची ‘लागिरं झालं जी’ या मालिका पडद्यावर आल्या. वर्षा-दोन वर्षांत महाराष्ट्राची संस्कृती बदलली नव्हती. मोजणी बदलली होती. दोन्ही गोष्टी पाठोपाठ घडल्या हा केवळ योगायोग नसावा. पडदा हा समाजाचा आरसा असेल तर तो ज्यांची मोजदाद होते त्यांच्यापुरताच आरसा आहे, असा निष्कर्ष मला यातून काढावासा वाटतो.

ऱ्हासाची जुनी भीती

संस्कृती बुडते आहे ही हाकाटीही नवी नाही. पन्नासच्या दशकात बा. वि. केसकर हे केंद्रीय नभोवाणीमंत्री होते. पुण्यात जन्मलेले, शास्त्रीय संगीताचे जाणकार असे ते गृहस्थ. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, या भावनेने त्यांच्या कारकिर्दीत १९५२ पासून आकाशवाणीवरून ही गीते जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी रेडिओची सुई रेडिओ सिलोनवर नेली आणि ‘बिनाका गीतमाला’ घरोघर पोचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. गमतीचा भाग असा की, ज्या गीतांमुळे ऱ्हास होणार होता तीच गीते आज आपण ‘सुवर्णकाळातील गाणी’ म्हणून डोळे मिटून ऐकतो. तात्पर्य, ऱ्हासाचा निवाडा घाईने देऊ नये. आणि अभिरुची हुकमाने वाढत नाही, हेही लक्षात ठेवावे.

त्या सुवर्णकाळात आम्ही कोठे होतो?

मी महाप्याची. आज महापे म्हटले की मिलेनियम बिझनेस पार्कच्या काचेच्या इमारती आणि औद्योगिक वसाहतीच्या कंपन्या डोळ्यांपुढे येतात. पण त्याआधी ते ठाण्याच्या खाडीकाठचे, भातशेती करणारे आगरी गाव होते. साठच्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील जमिनी कारखान्यांसाठी संपादित होऊ लागल्या आणि १९७० साली सिडकोची स्थापना होऊन नव्या शहराची आखणी सुरू झाली. म्हणजे वरळीहून ‘आमची माती आमची माणसं’ प्रक्षेपित होत होते त्याच वर्षांत खाडीच्या अलीकडची माती माणसांच्या हातून जात होती. यात त्या कार्यक्रमाचा दोष काहीच नाही. तो प्रामाणिकपणे बियाणे आणि खते यांची माहिती देत होता. पण ज्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो तो कोणाचा, असा प्रश्न मला पडतो. आमच्या आळीत तेव्हा संच नव्हता. त्यासाठी पैसे लागत, परवानाही लागे. माझ्या वडिलांनी पहिला कार्यक्रम पाहिला तो दुसऱ्याच्या घराच्या खिडकीतून, उभ्याने. आणि पडद्यावरची मराठी त्यांच्या घरातली मराठी नव्हती. आजही आमची बोली पडद्यावर येते ती बहुतेक वेळा हशा पिकविण्यासाठीच.

उलट, ज्या मालिकांना आपण टाकाऊ म्हणतो त्यांच्याबाबतीत एक अनुभव नोंदवते. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. एका मालिकेत भाऊ बहिणीला वडिलोपार्जित घराच्या हक्कसोडपत्रावर सही करायला सांगतो आणि ती नकार देते, असा प्रसंग होता. अभिनय भडक, पार्श्वसंगीत कानठळ्या बसविणारे. परंतु दुसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर जमलेल्या बायकांत ‘सही का म्हणून करायची?’ यावर तास-दीड तास चर्चा रंगली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायद्याने दिला. आमच्या ओटीवर तो पोचला त्या भडक मालिकेतून. कलाकृती म्हणून ती सुमार होती यात शंका नाही, पण ओटीवरची ती चर्चा सुमार नव्हती. संस्कृती पडद्यावर किती आहे यापेक्षा ती ओटीवर किती आहे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

खरी हानी

मग काहीच बिघडले नाही काय? बिघडले आहे; पण आपण शोधतो तेथे नाही.

आगरी लग्नात धवलारीण असते. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि तो गाणारी ही बाईच विधी पुढे नेते. हे धवले तिला पाठ असतात. एका बाईकडून दुसरीकडे तोंडी आलेले. अलीकडे लग्नात मालिकांत पाहिलेली ‘संगीत’ नावाची संध्याकाळ आली, मेहंदीचा सोहळा आला, हळदीला डीजे आला. आमच्या नात्यातील एका लग्नात धवले अर्ध्या तासात आटोपते घ्यावे लागले. त्या बाई कोणाला काही बोलल्या नाहीत. पदर सावरून मांडवाच्या कडेला बसून राहिल्या.

हे सारे मालिकांनी केले असे म्हणणे सोपे आहे, पण पुरते खरे नाही. लावणीसाठी बायकांनी एका रांगेत वाकण्याची शेते गेली, तेव्हाच एकत्र गाण्याची सवय सुटू लागली. शाळेत बोलीला हसले गेले, तेव्हा मुलींना ती गाणी म्हणण्याची लाज वाटू लागली. रिकाम्या झालेल्या जागेत मालिकेचे लग्न येऊन बसले. जेथे माणसे स्वतः काही करीत असतात तेथे पडद्याला फारशी जागा मिळत नाही. ती करणे सोडतात तेव्हा मात्र पडदा सारे घर व्यापतो.

म्हणून माझे उत्तर असे आहे. दूरचित्रवाणीचा घसरलेला दर्जा हा प्रामुख्याने तिच्या अर्थकारणाचा पुरावा आहे. सबंध समाजाच्या ऱ्हासाचा तो पुरावा ठरत नाही. तिच्याकडून चांगल्याची मागणी अवश्य करावी. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलेच आहे. मालकाने मालाविषयी बोलावे, हे योग्यच होय. पण ऱ्हास मोजायचा असेल तर एका घरात किती माणसे नुसती पाहतात आणि किती माणसे गातात, सांगतात, वाद घालतात हे मोजावे लागेल. त्यासाठी कोणतेही मोजणीयंत्र अजून निघालेले नाही.

शेवटी आपल्या वाङ्मय मंडळाला एक विनंती. महापे, घणसोली, रबाळे, कोपरखैरणे या गावांत धवले येणाऱ्या वृद्ध स्त्रिया आजही आहेत. पुढच्या वर्षी ‘दूरचित्रवाणी : शाप की वरदान’ या विषयावर पुन्हा एक वादविवाद घेण्याऐवजी आपण वह्या घेऊन त्यांच्याकडे जावे. प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनीवर आवाजही मुद्रित करता येतो. जे हाती लागेल ते याच अंकात, त्या बाई म्हणतील त्याच बोलीत, एक अक्षरही न सुधारता छापावे. यादी करण्याचे काम मी घेते. माझ्या आजीपासून सुरुवात होईल.