नाव पाठवण्याचे पैसे

जाम, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

चि. भाच्यास,


तुझी वेबसाइट पाहिली. चौकातल्या ढाब्यावर तू चिकटवलेला कागदही पाहिला: ‘गाडीचा इन्शुरन्स संपला? नंबर टाका, स्वस्तात करून मिळेल.’ माझ्या डोळ्यांदेखत दोन ड्रायव्हरांनी मोबाइल काढून नंबर टाकले. जागा तू बरोबर हेरलीस. नागपूरहून येणाऱ्या गाड्यांना इथंच हैदराबादची आणि चंद्रपूरची वाट फुटते, त्यामुळं ट्रक रात्रंदिवस थांबतात. धंदा चालेल, याबद्दल मला शंका नाही.

परवा ताईचा फोन आला. म्हणाली, “त्याले लायसन लागते का गा? तो म्हणते, मी काही विकत नाही, फक्त नावं पाठवतो.” विमा कंपनीच्या कचेरीत माझा जन्म गेला, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. उत्तर आधी सांगतो, कारण मागून सांगतो. लागतं.

आपला विमा कायदा १९३८ सालचा. त्याचं ४० वं कलम एकदा शांतपणे वाच. विम्याचा धंदा मिळवून दिल्याबद्दल कमिशन किंवा दुसऱ्या कुठल्याही रूपात मोबदला द्यायचा, तर तो एजंटाला किंवा मान्यताप्राप्त मध्यस्थालाच देता येतो, बाकी कोणालाही नाही. तू त्याला रेफरल फी म्हण नाहीतर चहापाणी म्हण, नावानं फरक पडत नाही. विचारायचं एवढंच, की पैसे कशाचे? तू ज्याला ही नावं पाठवतोस, तो नागपूरचा माणूस तुला पॉलिसीमागे दीडशे रुपये देतो, आणि पॉलिसी झाली नाही तर काहीच देत नाही. मग ते पैसे नाव पाठवल्याचे कसे? गिऱ्हाईक आणून दिल्याचेच झाले.

हिंगणघाटच्या बाजार समितीत तू लहानपणी माझ्यासोबत कापूस घेऊन आला आहेस. आज भाव काय फुटला, हे सांगणाऱ्याला तिथं कोणी परवाना मागत नाही. पण अडत किंवा दलाली करायची, तर १९६३ च्या कायद्यानं परवाना काढावा लागतो. विम्याचंही तसंच समज. थर्ड पार्टी म्हणजे काय, फुल इन्शुरन्समध्ये काय मिळतं, क्लेमला कोणते कागद लागतात, हे तू वेबसाइटवर खुशाल लिही. चांगलं लिहिलंस तर लोक दुवा देतील. गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे पैसा आला, की तू दलाल झालास.

‘वेबसाइटला कुठं कायदा लागतो,’ असंही तू म्हणालास म्हणे. लागतो. ग्राहकांची यादी विमा कंपन्यांना पुरवणाऱ्यांसाठी विमा नियामक प्राधिकरणानं २०१० सालीच नियम केले होते. विम्यांची तुलना दाखवणाऱ्या वेबसाइटांना २०१३ साली नियम आले आणि २०१७ साली ते नव्यानं लिहिले गेले. अशा वेबसाइटला नोंदणी घ्यावी लागते. ती कंपनीला मिळते, तुझ्यासारख्या एकट्या पोराला नाही. शिवाय अमकी पॉलिसी पहिली, तमकी दुसरी, असे नंबर तिला लावता येत नाहीत. पॉलिसीबझारसारख्या मोठ्या कंपनीलाही २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्राधिकरणानं पाच कोटींचा दंड केला. त्यात एक ठपका हाही होता, की काही योजना ‘टॉप’ म्हणून दाखवल्या, पण त्या कशाच्या आधारावर निवडल्या ते सांगितलं नाही. आता तुझ्या वेबसाइटवरची ‘बेस्ट पाच’ ही पाटी बघ. ते पाच कोणी ठरवले? नागपूरच्या त्या माणसानंच ना?

हे सगळं सरकारी कटकट वाटेल. मलाही नोकरीच्या सुरुवातीला वाटायचं. मग एक ट्रकमालक कचेरीत आला. हातात पॉलिसीचा कागद, त्यावर शिक्का, सही, सगळं. त्याच्या गाडीखाली एक माणूस गेला होता. मी रजिस्टर काढलं, तर त्या नंबरची पॉलिसीच नव्हती. कंपनीकडं हप्ता पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, हे कायद्याचं ६४-व्हीबी कलम. याचा हप्ता मधल्यामधेच जिरला होता. कागद देणारा गायब. ज्यानं त्याची गाठ घालून दिली, तो ओळखीचाच होता. तो म्हणाला, “मी तं फक्त नाव सांगतलं होतं.” खोटं नव्हतं ते. पण नुकसानभरपाई ट्रकमालकाच्या अंगावर आली आणि त्यात ट्रक गेला. परवाना असता तर निदान त्या ओळखीच्या माणसाला जाब विचारायला एक दार असतं. नोंदणीचा अर्थ मला त्या दिवशी कळला. काही बिघडलं तर कोणाला धरायचं, हे आधीच लिहून ठेवणं म्हणजे नोंदणी.

आणखी एक. लोकांचे मोबाइल नंबर आणि आरसीचे फोटो तुझ्याकडं जमताहेत. ते पुढं कोणाकोणाकडं जातात, हे तुलाच ठाऊक नाही. माणसाची माहिती कशासाठी घेतो ते सांगून त्याची संमती घ्यावी, असं लोकांच्या माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा सांगतो. ढाब्यावर चहा पिता पिता नंबर टाकणाऱ्याला तू काय सांगितलंस?

आता रस्ता सांगतो. तो अवघड नाही. २०१५ पासून ‘पॉइंट ऑफ सेल्स पर्सन’ नावाची सोय आहे. दहावी पास, वय अठरा पूर्ण, पंधरा तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा. एखाद्या विमा कंपनीमार्फत किंवा नोंदणीकृत ब्रोकरमार्फत ते होतं, आणि गाडीचा विमा त्यात येतो. पॉलिसीवर तुझी ओळख नोंदली जाईल. मग दीडशे रुपये उजळ माथ्यानं घे.

तेव्हाही तीन गोष्टी पाळ. वेबसाइटवर तू कोणासाठी काम करतोस ते ठळक लिही. हप्ता गिऱ्हाइकानं थेट कंपनीकडंच भरावा, तुझ्या खात्यात एक रुपया येऊ देऊ नको. आणि ‘कमिशनातले पन्नास परत’ ही तुझी ऑफर आजच काढ. अशी सूट कलम ४१ नं मना आहे, आणि २०१५ च्या दुरुस्तीनं त्याचा दंड दहा लाखांपर्यंत नेला. शिकलेल्या पोरालाही हे ठाऊक नसतं, म्हणून लिहिलं.

नागपूरच्या माणसाला त्याचा नोंदणी क्रमांक विचार आणि प्राधिकरणाच्या यादीत ताडून पाहा. तो टाळाटाळ करू लागला, तर तेच उत्तर समज.

ढाब्यावरचा कागद मी फाडू शकलो असतो. फाडला नाही. तू लावलास, तूच येऊन काढ. परीक्षा पास झालास की दुसरा लाव, त्यावर तुझं नाव आणि नंबर घाल. तो चिकटवायला खळ मी देईन.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा