आतड्याचा जुनाट विकार: डॉक्टरांना संदेश कसा लिहावा?

"पोट जरा बिघडले आहे," हे आपण सहज सांगतो. पण शौचाला किती वेळा जावे लागते, रक्त पडते का, हे डॉक्टरांनाही सांगताना जीभ अडखळते. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स डिसीज असणाऱ्यांना हा संकोच महागात पडतो. आतड्याच्या सुजेचे हे विकार वर्षानुवर्षे सोबत राहतात. कधी दबतात, कधी उसळतात. उसळी लवकर लक्षात आली तर आटोक्यात आणणे सोपे जाते.

येथे अमेरिकेत आता बहुतेक रुग्णालयांत फोनवरून वा संगणकावरून डॉक्टरांना संदेश पाठवता येतो. तोंडाने सांगवत नाही ते लिहून कळवावे. नेदरलँड्समधील ९०९ रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. घरून नियमित माहिती कळवणाऱ्यांना दवाखान्याच्या खेपा कमी पडल्या आणि रुग्णालयात दाखल होण्याची वेळही कमी आली.

मात्र नुसते "बरे वाटत नाही" लिहून उपयोग नाही. असे लिहावे: 'पाच दिवस झाले. दिवसातून चार वेळा शौच, एरवी दोनदा. रात्री एकदा उठावे लागते. काल थोडे रक्त दिसले. ताप नाही. वजन तीन पौंड घटले. गोळ्यांचे दोन डोस चुकले.' आयबुप्रोफेन किंवा भारतातून आणलेले चूर्ण घेतले असेल तर तेही लपवू नये.

बरे वाटले तरी मनाने औषध थांबवू नये. आत सूज असू शकते. ती शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन तपासणीत कळते. साधारणपणे ५० पेक्षा कमी आकडा चांगला. २५० च्या वर गेल्यास सूज असण्याची शक्यता मोठी. निकाल कधी कधी डॉक्टरांच्या आधी आपल्यालाच दिसतो. घाबरून औषध वाढवू नये. पुढे काय करायचे ते विचारावे.

खर्चाचेही पाहावे. डॉक्टरांचा बराच वेळ घेणाऱ्या संदेशाचे काही रुग्णालये बिल लावतात. आपल्या विम्यात काय बसते ते आधी विचारून ठेवावे.

आणि एक महत्त्वाचे. दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे शौच व सोबत ताप, असह्य पोटदुखी, फुगलेले पोट व सतत उलट्या, चक्कर, यांपैकी काही झाल्यास संदेशाच्या उत्तराची वाट पाहू नये. ताबडतोब इमर्जन्सीत जावे किंवा ९११ ला फोन करावा.

घरात कोणाला हा विकार असेल, तर आजच एक वही करा आणि रोज दोन ओळी लिहा. दुखणे लपवून बरे होत नाही, मंडळी!